पणजीचे नाव काय?

नववीच्या वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. प्रत्येकाने वहीत दोन रांगा लिहायच्या. पहिल्या रांगेत आपले नाव, मग वडिलांचे, मग त्यांच्या वडिलांचे, असे आठवेल तितके मागे जायचे. दुसऱ्या रांगेत आपले नाव, मग आईचे, आईच्या आईचे, तिच्या आईचे. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या रांगेत बहुतेकांची चार-पाच नावे झाली. दुसऱ्या रांगेत तिसऱ्या नावाशीच पेन्सिली थांबल्या. एका मुलीने विचारले, "सर, आजीचे लग्नाआधीचे नाव लिहायचे की नंतरचे?"

प्रश्न चोख होता. खरे सांगायचे तर आमचीही रांग तिथेच अडली होती. इतकेच काय, पहिल्या रांगेतले आमचे आजोबा ज्या बाईच्या पोटी जन्मले तिचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते. भाद्रपदातल्या अविधवा नवमीला आमच्या घरी एक सवाष्ण जेवायला असे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी हा दिवस पाळतात. लहानपणी आम्ही आजीला विचारले होते, "कुणासाठी गं हे?" आजी म्हणाली होती, "थोरलीसाठी." थोरली म्हणजे कोण, हे तेव्हा विचारायचे राहिले. पुढे विचारावे म्हटले तेव्हा आजी नव्हती.

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हणजे काय, हे या थोरलीच्या निमित्ताने आम्ही शिकलो. तो शोध विज्ञानाच्या तासाला शोभेल असाच असतो. एक विधान मांडायचे, त्याला पुरावा शोधायचा, आणि तो पुरावा खोटा पडेल अशी जागाही मुद्दाम शोधायची.

पूर्वज किती?

आधी थोडे गणित करू. आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दहा पिढ्या मागे गेलो की त्या एका पायरीवर १,०२४ पूर्वज होतात. वीस पिढ्यांमागे दहा लाखांच्या वर, आणि तीस पिढ्यांमागे १०७ कोटी! एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षे, म्हणजे आपण ज्ञानेश्वरांच्या काळात पोहोचलो. त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्या अदमासे चाळीस कोटी होती. मग आपले एकट्याचेच १०७ कोटी पूर्वज आले कुठून?

मुलांना हे कोडे घालावे. उत्तर घरातच असते. ज्या मुलाच्या वडिलांनी मामाच्या मुलीशी लग्न केले आहे त्याला पणजी-पणजोबा मोजायला सांगा. ते आठ भरत नाहीत, सहाच भरतात. वडिलांची आई आणि आईचे वडील ही सख्खी भावंडे, तेव्हा त्यांचे आईबाप एकच. मागे जावे तसे असे सांधे वाढत जातात आणि तेच पूर्वज अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा भेटतात. हा विचार थोडा पुढे नेला की वर्गातली सगळी मुले फार मागे कुठेतरी एकमेकांची भाऊबंद निघतात. आडनावे आणि जाती काहीही असोत.

आपल्याकडे जिला वंशावळ म्हणतात तिच्यात या १,०२४ पैकी एकच माणूस असतो, बापाच्या बापाच्या बापाचा. जीवशास्त्रात या वाटेने फक्त वाय गुणसूत्र जाते, तेही मुलग्यांकडेच. पेशीतल्या तंतुकणिकांचा वारसा मात्र मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला आईकडूनच मिळतो. म्हणजे ज्या रांगेतली नावे आपल्याला येत नाहीत त्या रांगेची खूण आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते.

सुरुवात कुठून?

अनेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. कोणा ऐतिहासिक सरदाराचे आडनाव आपल्यासारखे आहे, म्हणून त्याच्यापासून खाली उतरू लागतात. याचा काही उपयोग नाही. एकाच आडनावाची, एकमेकांशी संबंध नसलेली घराणी शेकडो असतात. 'कर' लावलेले आडनावसुद्धा बहुधा एवढेच सांगते, की हे लोक त्या गावाहून निघून दुसरीकडे आले. आपल्यापासून सुरुवात करावी आणि एक एक पायरी मागे जावे. एका पायरीची खात्री झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर पाय ठेवू नये.

एक जाडशी वही घ्यावी. प्रत्येक माणसाला एक पान. माहिती लिहिताना ती कुठून मिळाली, कोणी सांगितली, कधी सांगितली हे शेजारी लिहावे. दोन निरनिराळ्या ठिकाणांहून मिळालेली माहिती जुळली तरच शाईने लिहावी, तोवर शिसपेन्सिल. हा नियम आम्ही एकदाच मोडला. त्याची हकिगत पुढे येईलच.

पहिला पुरावा म्हणजे घरातली वडीलधारी माणसे. त्यांना "तुमचा जन्म कधीचा?" असे विचारू नये. उत्तर ठोकताळ्याने मिळते आणि मग ते माणूस त्याच उत्तराला चिकटून बसते. त्याऐवजी प्रसंग धरावेत. गांधीजी गेले तेव्हा, म्हणजे जानेवारी १९४८ मध्ये, तुम्ही शाळेत होतात का? पानशेत फुटले (१२ जुलै १९६१) तेव्हा कोण कोण कडेवर होते? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला त्या पहाटे घरात कोण कोण झोपले होते? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेले? मराठवाड्यात रझाकार आणि पोलीस कारवाई (सप्टेंबर १९४८) ही खूण पक्की असते. फळ्यावर अशा सालांची एक पट्टी काढावी आणि मुलांनी आजीआजोबांच्या गोष्टी तिच्यावर टांगाव्यात. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे, पण आधी विचारून.

आमच्या चुलत आत्याकडून असेच एक वाक्य हाती लागले. "तुझा आजा अंगावर पीत होता तेव्हा मानमोडीत त्याची आई गेली. मग दुसरी आणली, तिनंच वाढवला त्याला." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. मुंबई इलाख्यात तिचा खरा तडाखा त्या वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत बसला. साऱ्या देशात एक कोटीहून खूप अधिक माणसे गेली आणि १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. आजीची 'थोरली' कोण, हे आत्याच्या एका वाक्यात उलगडले. आता कागद पाहायचे होते.

एक जूनचे कोडे

शिक्षकांच्या हाताशी असलेला कागद म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. जुन्या प्राथमिक शाळांत ते शंभर वर्षांमागचेही सापडते. त्यात मुलाचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. आमच्या गावच्या शाळेत (गाव नाशिक जिल्ह्यातले) आजोबांची नोंद मिळाली. दाखल जून १९२४, जन्म १-६-१९१७.

आता त्याच पानावरची बाकीची नावे पाहा. निम्म्याहून अधिक मुले एक जूनला जन्मलेली! वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचे, पालक म्हणायचे, "असंल सात वर्सांचा," आणि हेडमास्तर त्या दिवसापासून सात वर्षे वजा करून मोकळे व्हायचे. या सोयीस्कर तारखेने पुढे पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी ठरवली. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून दर ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते ती यामुळेच. एका रजिस्टरातल्या जन्मतारखांचा महिनावार स्तंभालेख मुलांकडून काढून घ्यावा. जूनचा स्तंभ कागदाबाहेर जाईल, आणि छापील आकडा म्हणजे मोजलेला आकडा नव्हे हे न सांगता कळेल.

तेव्हा १९१७ हे साल आम्ही अंदाज म्हणून घेतले आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक पाहायला गेलो. गाव नमुना १४ असे त्याचे कागदोपत्री नाव. गावातल्या जन्ममृत्यूंची ही नोंदवही. शाळेत न गेलेल्या, जमीन नसलेल्या, गावकुसाबाहेर राहणाऱ्या घरांचीही नोंद तीत असते, म्हणून आमच्या मते हा सर्वांत समतेचा कागद. अलीकडे तो अनेकांना ऐकून माहीत झाला, कारण २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी ही पुस्तके मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. जुनी पाने मोडीत असतात. मोडी अक्षरओळख महिना-दीड महिन्यात होते, फक्त हस्ताक्षराची सवय व्हायला वेळ लागतो. सुट्टीत शिकण्याजोगी ही गोष्ट आहे.

एक मात्र लक्षात ठेवावे. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. नोंद होई तेव्हा बारसे व्हायचे असे. बापाचे नाव, जात, तारीख, आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी', एवढेच.

पणजोबांच्या नावापुढे 'मुलगा' अशी नोंद १४ मार्च १९१६ ची निघाली. आम्हाला कोण आनंद झाला! आजोबांची खरी जन्मतारीख सापडली म्हणून भावकीतल्या एका लग्नात आम्ही ती सर्वांना सांगूनही टाकली, आणि वहीत शाईने लिहिली. मग एका रात्री मनात आले, मानमोडीच्या वेळी हे मूल अडीच वर्षांचे झाले असते. अंगावर पिणारे? अशक्य नव्हे, पण शंका घेण्याजोगे. पुन्हा कचेरीत गेलो आणि या वेळी मृत्यूची पाने चाळली. ऑगस्ट १९१६, त्याच बापाचे नाव, 'मुलगा, वय ५ महिने, ताप'. आम्ही ज्याची तारीख लग्नात मिरवली ते बाळ आजोबा नव्हतेच. ते त्यांचे थोरले भाऊ होते आणि त्यांच्याविषयी घरात कोणी कधी बोलले नव्हते. पुढची जन्मनोंद मिळाली ९ जानेवारी १९१८ ची. तीही 'मुलगा'. या मुलाच्या मृत्यूची नोंद नाही. मानमोडीत तो नऊ-दहा महिन्यांचा होता, आणि जून १९२४ मध्ये साडेसहा वर्षांचा. हेडमास्तरांनी सात धरले. आत्या, रजिस्टर आणि कोतवाल बुक आता तिघांची साक्ष जुळली.

त्याच पुस्तकात ऑक्टोबर १९१८ ची पाने आहेत. इतर महिन्यांना अर्धे पान पुरते, तिथे पानेच्या पाने भरली आहेत आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप'. शेवटी शेवटी लिहिणाऱ्याने शब्दाऐवजी नुसत्या खाली खाली खुणा ओढल्या आहेत. तिथे एका ओळीत पणजोबांचे नाव, पुढे 'याची बायको, वय २२'. तिचे नाव नाही.

बायकांची नावे कुठे सापडतात

जमिनीच्या कागदांकडे वळलो. सातबारा सर्वांना ठाऊक असतो, पण इतिहासाच्या दृष्टीने त्याच्यावर गोलात लिहिलेले फेरफार क्रमांक अधिक मोलाचे. त्या क्रमांकाने फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, उघडली की कोण केव्हा वारले आणि वारस कोण लागले ते कळते. काही जिल्ह्यांचे हे जुने कागद आता संगणकावरही पाहता येतात. आमच्या पणजोबांच्या वारसनोंदीत मुलगे होते, दुसरी बायको होती. थोरली आधीच गेलेली, तेव्हा ती असण्याचे कारणच नव्हते.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावे दिसू लागतात, सासरच्या नावागावासह. आणि पुष्कळदा लगेच पुढच्या नोंदीत त्यांनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचे असते. कागदावर बाई येते ती बहुतेकदा आपला वाटा सोडण्यापुरती. त्याआधीची मुलगी शोधायची तर तिच्या माहेरगावच्या शाळेचे रजिस्टर हा उत्तम मार्ग, पण ती शाळेत गेली असेल तर. लग्नात पाळण्यातले नावही बदलण्याची रीत अनेक घरांत होती, त्यामुळे एकाच बाईची दोन नावे दोन गावांच्या कागदांत असतात आणि त्यांना जोडणारा कागद सहसा नसतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या आधी लिहायचे आहे. शंभर वर्षांनी शोधणाऱ्याचे काम त्याने बरेच सोपे होईल.

कोणी विचारील, खानेसुमारीचे कागद का पाहत नाही? देशात १८७२ पासून शिरगणती झाली, पण आपल्याकडे घरोघरचे मूळ तक्ते जपून ठेवत नाहीत, उरतात ते बेरजांचे आकडे. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी मूळ तक्ते सर्वांना खुले होतात आणि तिथले हौशी संशोधक सुरुवातच तिथून करतात. आपल्याला दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतात. त्यांतली एक म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. यात्रेकरू आला की त्याचे गाव, घराणे, बरोबर कोण, घरी कोण हे लिहून ठेवण्याची तिथे जुनी परंपरा आहे. कोल्हापूर-सांगली भागात आणि कर्नाटकात हेळवी लोक घराण्यांच्या पिढ्या सांगत हिंडत. आपल्या गावी ते येत असत का, हे म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारावे.

आम्ही त्र्यंबकला गेलो. आडनाव आणि गाव सांगितल्यावर गुरुजींनी अर्ध्या तासात वही काढली. शके १८४२ मध्ये पणजोबा येऊन गेले होते. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येते, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तारीख असेल तर ७९ मिळवावे लागतात. म्हणजे ही नोंद १९२०-२१ ची. (निजामाच्या राज्यातले कागद फसली सालाचे आणि उर्दूत असतात, तिथे ५९० किंवा ५९१ मिळवावे. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन असतो, तिथे ५९९ किंवा ६००.) नोंदीत पणजोबांचे भाऊ होते, नवी बायको होती, तीन वर्षांचे आजोबा होते, आणि वारलेल्या प्रथम पत्नीचे नावही होते. ते नाव आम्ही इथे देत नाही. घरी कळवले, तेवढे पुरे. वडील त्या वेळी ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी ते कागदावर लिहून मागितले आणि चष्मा लावून दोनदा वाचले. आपल्या आजीचे नाव ते प्रथमच वाचत होते.

वर्गात करताना

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. वंशवृक्षाचा तक्ता भिंतीवर लावण्याचा उपक्रम आम्हाला मान्य नाही. वर्गात दत्तक मूल असते, आई एकटी असलेले मूल असते, बाप घर सोडून गेलेले मूल असते. कोणाचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि त्यांना गाव नमुना विचारणे निरर्थक असते. धरणाखाली गाव गेलेल्यांचे कागदही कधी कधी दुसऱ्याच तालुक्यात सापडतात. तेव्हा मुलाने स्वतःचेच घराणे शोधावे, अशी सक्ती नको. शेजारच्या आजीचे चालेल, शाळेच्या शिपायांचेही चालेल. जनरल रजिस्टरात जातीचा रकाना असतो. ते मुलांच्या हाती मोकळे देऊ नये, जन्मतारखांची नक्कल शिक्षकांनीच काढून द्यावी. आणि घरातून एखादी न सांगितलेली गोष्ट बाहेर आली, जशी आमच्याकडे त्या पाच महिन्यांच्या बाळाची आली, तर ती वर्गात सांगायची की नाही हे त्या घराने ठरवावे.

ज्या शाळांत जुनी रजिस्टरे कपाटात बांधून पडली आहेत त्यांनी ती एकदा सोडून पाहावीत. कसर आणि पावसाळी ओल यांनी पाने झपाट्याने जातात. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवायला दोन शिक्षकांना दोन दुपारी पुरतात.

थोरलीचे पान आमच्या वहीत अजून अर्धे शिसपेन्सिलीतच आहे. त्र्यंबकची नोंद मिळाल्यावर चुलत भावाने माळ्यावरची एक पितळी परात काढली. पूर्वी आहेराच्या भांड्यावर नाव घालण्याची रीत होती, ठिपक्याठिपक्यांची अक्षरे ठोकून. परातीच्या बाहेरच्या काठावर एका मुलीचे नाव आहे, 'मामाकडून' असे आहे, तीस-पस्तीस मैलांवरच्या एका गावाचे नाव आहे आणि शके १८३०, म्हणजे सन १९०८-०९. पणजोबांची दुसरी बायको घरात आली ती १९१८ नंतर, आणि तिचे माहेर निराळे होते, तेव्हा परात तिची नव्हे. परातीवरचे नाव मात्र त्र्यंबकच्या वहीतल्या नावाहून वेगळे आहे. ते थोरलीचे माहेरचे नाव असावे. कदाचित परात कोणी मोडीत घेतलेलीही असेल.

येत्या सुट्टीत त्या गावच्या तहसील कचेरीत १८९५ ते १८९७ ची पाने पाहायची आहेत. तिथे 'मुलगी' एवढेच लिहिलेले असणार, हे आता आम्हाला माहीत आहे.